जाताना छत्री न्यायची

आर्नहेम
१२ एप्रिल २०२०

रविकांत यांस,

तुमचा आवाजी निरोप आला. मी थोडाच ऐकला आणि बंद केला. पुढचा यशने ऐकून मला सांगितला. रागाने बंद केला असं नाही. तुमचा आवाज कानात गेला की तुम्ही म्हणाल ते मला खरं वाटायला लागतं. हे तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. म्हणून यापुढे बोलून काही पाठवायचं नाही. लिहायचं. मीही लिहिते. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर कोंबडीच्या पायाचं, सांभाळून घ्या. टपाल बंद आहे म्हणून पानाचा फोटो काढून धाडते. पान वाकडं आलं तर मान वाकडी करा.

तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. विमानं सुरू झाली की मी सांगलीच्या माझ्या खोलीवर जायचं नाही. सरळ मिरजेला तुमच्या घरी यायचं. आता या वयात नवराबायकोने वेगळं राहण्यात काय अर्थ आहे, असं तुम्ही म्हणालात. नऊ वर्षं मी सांगलीत आणि तुम्ही मिरजेत. मधे एसटीचा अर्धा तास. तो अर्धा तास तुम्हाला कधी जमला नाही. आता मधे समुद्र आल्यावर मी आठवले.

यशला तुमचं पटलंय. तो म्हणतो, "आई, तुम्ही दोघं एका घरात असलात तर मला इथून एकच फोन करावा लागेल." मी म्हटलं, तुझा फोन वाचावा म्हणून मी संसार करू काय. त्यावर तो लॅपटॉप घेऊन वर गेला. सूनबाई विशाखा काही बोलली नाही. ती पुण्याची आहे, बोलायच्या आधी शब्द निवडते.

इथलं म्हणाल तर आम्ही बरे आहोत. फेब्रुवारीत नात आर्याला सांभाळायला म्हणून आले, तीन महिन्यांसाठी. आता सगळेच घरात, त्यामुळे सांभाळायचं कुणी कुणाला तेच कळत नाही. यशचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, विशाखाचं झोपायच्या खोलीत. तिचं खरं ऑफिस अ‍ॅमस्टरडॅमला मोठ्या काचेच्या इमारतीत आहे, पण आता तिचे साहेब तिच्या उशीजवळ बोलतात. आर्या माझं मराठी सगळं समजते आणि उत्तर डचमध्ये देते. मला ती काय म्हणाली कळत नाही, पण उलट बोलली हे कळतं.

गेल्या महिन्यात संध्याकाळी आठ वाजता गल्लीत एकदम टाळ्या सुरू झाल्या. डॉक्टर-नर्स लोकांसाठी होत्या म्हणे. लोक दारात, खिडकीत उभे राहून वाजवत होते. मी भांडी घासत होते. टाळ्या ऐकल्या आणि हात न पुसता दारात जाऊन उभी राहिले, मान खाली घालून, हात जोडून. समोरच्या म्हातारीने माझ्याकडे बघून आणखी जोरात वाजवल्या. तिला वाटलं मी नर्स आहे. मी घरात पळाले. टाळ्या ऐकल्या की वाकायचं, ही नाटकातली बऱ्याच वर्षांची सवय.

मी तुम्हाला उत्तर देणार आहे. हो म्हणेन नाहीतर नाही म्हणेन, पण अधांतरी ठेवणार नाही. मात्र मागे लागायचं नाही.

शामला


आर्नहेम
३ मे २०२०

रविकांत यांस,

काल सुदर्शनचा फोन आला. आपली नाटक कंपनी बंद पडून एवढी वर्षं झाली, पण हा अजून व्यवस्थापकच आहे. "वहिनी" एवढंच म्हणाला आणि थेट कामावर आला.

"वहिनी, थिएटरं बंद. पडदा ओढणारे, लाइटवाले, मेकअपवाले, सगळे घरी बसलेत. त्यांच्यासाठी आपण 'छत्री' करायचं. झूमवर."

"झूमवर छत्री उघडायला जागा तरी आहे का?"

"तुम्ही एका चौकटीत, रविदादा एका चौकटीत. बाकीची पात्रं मी करतो."

"आणि दार?"

"दार समजायचं."

ही तुमची कल्पना आहे का, असं मी त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला, आईशप्पथ माझी आहे. त्याची आई कधीच गेली, त्यामुळे त्याच्या शपथेला काही अर्थ नाही. तरी मी हो म्हटलं. पडदा ओढणाऱ्या रमेशसाठी हो म्हटलं, तुमच्यासाठी नाही. यातून दुसरा अर्थ काढायचा नाही.

विशाखाने विचारलं, नाटक काय आहे. तिला सांगता सांगता मलाच नवीन वाटायला लागलं. 'छत्री तुझी की माझी'. घटस्फोट झालेलं जोडपं. नवरा प्रत्येक अंकात काहीतरी परत करायच्या निमित्ताने येतो. पहिल्या अंकात तिच्या चष्म्याची डबी, दुसऱ्यात कुकरची शिट्टी, तिसऱ्यात छत्री. दर वेळी जाताना मुद्दाम दुसरी एखादी वस्तू उचलून नेतो, म्हणजे पुन्हा यायला कारण राहतं. शेवटी दारात उभा राहून म्हणतो, "मी काही मागायला आलो नाही. तुझी छत्री द्यायला आलो. पण बाहेर पाऊस आहे, आणि छत्री तुला दिली की मी भिजणार. आता काय करायचं ते तू ठरव." ती छत्री घेते, त्याच्याकडे बघते. हशा येऊन जाऊ देते. मग म्हणते, "आत या. चहा टाकते." पडदा.

विशाखा म्हणाली, "लेखक कोण?"

मी म्हटलं, "तुझे सासरे."

"मूळ लेखक?"

मूळ लेखकाचं नाव मला माहीत नाही. आपल्या जाहिरातीत कधी नव्हतं. 'एका गाजलेल्या अमेरिकन नाटकावरून' एवढंच बारीक अक्षरात असायचं. तुम्ही सांगायचात की न्यूयॉर्कचा कोणी माणूस होता, आपल्या लहानपणाच्याही आधी तिकडे प्रेमाची विनोदी नाटकं लिहायचा आणि लोक जेवून-खाऊन बघायला जायचे. विशाखा म्हणाली, मी शोधते. तिला शोधायला आवडतं. शोधू दे.

मला ते नाटक अजून पाठ आहे. माझंही आणि तुमचंही. मला भराभर वाचता येत नव्हतं म्हणून तुम्ही चुलीशी पाट घेऊन बसायचात, वाचायचात, आणि मी भाकऱ्या थापता थापता ऐकून पाठ करायची. माझं वाक्य वेगळं आणि तुमचं वेगळं असं माझ्या डोक्यात कधी झालंच नाही. तुम्ही जिथे श्वास घेतलात तिथे मी घ्यायची. एवढं चांगलं मला कुणी काही शिकवलेलं नाही. हे लिहायचं नव्हतं, पण खोडत नाही, पान घाण होतं.

आता दुसरं. तो तिसरा अंक तुम्ही आपल्या घरीही केलात. मालिकेत काम मिळालं म्हणून मुंबईला गेलात आणि तिथे त्या कीर्तीबरोबर दोन वर्षं राहिलात. मी यशला घेऊन एकटी. मग एका दुपारी कडी वाजली. दार उघडलं तर तुम्ही. पाऊस नव्हता, कडक ऊन होतं, आणि तुमच्या हातात छत्री. नाटकातलीच, कंपनीच्या पेटीतली. तुम्ही म्हणालात, "मी काही मागायला आलो नाही." पुढचंही सगळं म्हणालात, जिथे श्वास घ्यायचा तिथे घेऊन.

आणि माझ्या तोंडून गेलं, "आत या. चहा टाकते."

मी ठरवलं नव्हतं हो. गावोगाव म्हटलेलं वाक्य. तुमचं संपलं की माझं येणारच. दोन वर्षांत मी तुम्हाला काय काय विचारायचं ते मनात घोकून ठेवलं होतं, त्यातलं एकही त्या वेळी आठवलं नाही. मागे चौदा वर्षांचा यश उभा होता, तो म्हणाला, "पडदा." आपण तिघंही हसलो. हसल्यावर काय विचारणार.

पुढे आठ वर्षांनी मी निघाले तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, हिने अचानक सोडलं. अचानक नव्हतं. मला त्यातला एक तरी प्रश्न विचारायचा होता, तो विचारता न येता तुमच्याबरोबर राहणं होईना.

तालमीची वेळ सुदर्शनला कळवायला सांगा.

शामला


आर्नहेम
३१ मे २०२०

रविकांत,

विशाखाने पुस्तक मिळवलं. मूळ नाटक. ग्रोनिंगनच्या एका जुन्या पुस्तकवाल्याकडून मागवलं. पिवळी पानं, कुठल्याशा कॉलेजचा शिक्का. दोन दिवस तिने ते बाहेर ठेवून उन्हात तापवलं, विषाणू मरावा म्हणून. मग स्वयंपाकघरात बसून वाचायला लागली. ती इंग्रजी वाचून मराठीत सांगायची, मी शेंगा मोडायची. मला चूल आणि पाट आठवला. असो.

सुरुवातीला लांबलचक प्रस्तावना आहे. त्यात लिहिलंय की या लेखकाची आधीची नाटकं तिकडे धो धो चालली. वर्तमानपत्रवाले मात्र नाक मुरडायचे. एकाने लिहिलं, हा जेवण झालेल्या लोकांसाठी लिहितो, भुकेल्याने याच्याकडे जाऊ नये. आपल्याला पुण्यात लिहिलं होतं ना, 'रिकाम्या बशीवर छान नक्षी'. तुम्ही ते कात्रण फाडलंत आणि मग चिकटवून ठेवलंत. तिकडेही तेच. हे ऐकून मला बरं वाटलं.

पुस्तकात कुकरची शिट्टी नाही. ग्रामोफोनची सुई आहे. शिट्टी तुमची. शिट्टी जास्त चांगली, हे विशाखानेही मान्य केलं.

मग तिसरा अंक आला. विशाखा वाचता वाचता थांबली.

"आई, शेवट वेगळा आहे."

"वेगळा म्हणजे?"

"ती त्याला आत घेत नाही."

"पानं गळाली असतील."

"पानं आहेत आई. सगळी आहेत."

तिने वाचलं. तो दारात उभा राहतो, ते छत्रीचं बोलतो. अगदी तेच, तुम्ही शब्दाला शब्द ठेवलाय. पण ती 'आत या' म्हणत नाही. ती विचारते, "तुला मी हवी आहे, की हे घर हवं आहे?" तो हसून म्हणतो, दोन्हीत फरक काय. ती हसत नाही. ती थांबते. लेखकाने लिहून ठेवलंय की इथे प्रेक्षक हसले तरी तिने थांबायचं, त्यांचं हसणं संपेपर्यंत आणि त्याच्याही पुढे. तो काही बोलत नाही. मग ती छत्री उघडते, त्याच्या हातात देते आणि दार लावते. एकटी बसून पाव भाजून खाते. पडदा.

या नाटकाने त्याचं तिकडे नुकसान झालं म्हणे. लोक लग्न बघायला आले होते, कुरकुरत बाहेर पडले. पैसे लावणाऱ्याने शेवट बदल म्हणून सांगितलं, त्याने बदलला नाही. आधीच्या नाटकांच्या निम्मंही चाललं नाही. कुणीतरी त्याला विचारलं, चांगलं विनोदी नाटक का नासवलंस. तो म्हणाला, नासवलं नाही, तिचं वाक्य तिला पुरं करू दिलं.

आता तुम्ही आठवा. पहिल्या तालमी चालू होत्या. मी तुम्हाला म्हटलं होतं, "अहो, एवढं झाल्यावर बाई एक तरी प्रश्न विचारेल की नाही? नुसतं चहा टाकते काय?" भाकरी तव्यावर होती. तुम्ही वहीतून मान वर न करता म्हणालात, "मूळ लेखकानेच तसं लिहिलंय. अमेरिकेतली बाईसुद्धा विचारत नाही, तू कोण लागून गेलीस."

मी भाकरी उलटली. मला वाटलं, असेल. शिकलेल्या बायका विचारत नसतील. विचारणं हे अडाणीपणाचं असेल.

तो प्रश्न तुमच्या हातात होता. लिहिलेला, छापलेला. मी मागितला आणि तुम्ही नाही आहे म्हणून सांगितलंत.

आज मला पुढे लिहायचं नाही.

शामला


आर्नहेम
१२ जुलै २०२०

रविकांत यांस,

मधे तुमचं लिहून आलं ते वाचलं. "आपल्या प्रेक्षकाला बायकोने दार लावलेलं चाललं नसतं, तीन प्रयोगांत गाशा गुंडाळावा लागला असता." बरोबर आहे तुमचं. नाटकवाला म्हणून तुम्ही केलंत ते ठीकच. बार्शीला प्रयोगानंतर एक बाई आत आली होती, माझा हात धरून म्हणाली, घेतलंत ना घरात, चांगलं केलंत. रडत होती. तिला तो चहा हवा होता. आणि इचलकरंजीला दुसरी एक आली, तोंडात पदर धरून म्हणाली, मी असते तर कडी घातली असती. तिला आपण सगळे हसलो. मीसुद्धा. ती आता डोळ्यासमोर येते.

नाटक बदललंत त्याचा राग नाही. मला मूळ म्हणून सांगितलंत त्याचा आहे. एवढं नीट समजून घ्या आणि पुढे वाचा.

कालच्या प्रयोगाबद्दल लिहायचंय. तुम्ही फोन करत होतात, मी उचलला नाही, कारण पहिल्या पत्रातच लिहिलंय.

इथे दुपार होती. यशने बाहेरची खोली मला दिली. पडद्याच्या जागी विशाखाची पैठणी टांगली. आर्याला सांगितलं आजीचं काम आहे, हलायचं नाही. ती सोफ्याखाली जाऊन बसली. तिकडे तुम्ही मिरजेत भिंतीला पाठ लावून. केवढे वाळलात हो. सदरा खुंटीवर लटकवल्यासारखा दिसत होता.

पहिल्या अंकात माझी फजिती झाली ती तुम्ही बघितलीच. चष्म्याच्या डबीचं वाक्य टाकलं आणि हशासाठी थांबले. हशा कुठला येणार, सगळ्यांची तोंडं सुदर्शनने बंद ठेवलेली. तरी मी थांबले. तिथे सोलापूर हसतं, नांदेड हसतं, मी कशी पुढे जाणार. समोरून विशाखा हात हलवायला लागली, तिला वाटलं इंटरनेट अडकलं. यशने तर उठून इंटरनेटच्या पेटीची वायर हलवली. दुसऱ्या अंकात सुदर्शनने सगळ्यांचे आवाज सोडले, तेव्हा कुठे कुणाचा कुत्रा, कुणाचा टीव्ही, आणि कुकरच्या शिट्टीच्या जागेवर कुणाच्या तरी घरी खराच कुकर वाजला. तो हशा आला तेव्हा तुमच्या तोंडावर जे हसू आलं ते मी बऱ्याच वर्षांनी बघितलं.

मग तिसरा अंक. तुम्ही छत्री घेऊन उभे राहिलात. म्हणालात, "मी काही मागायला आलो नाही." आणि थांबलात.

मला वाटलं हशासाठी थांबलात. तिथे हशा नाही. मग वाटलं इंटरनेट. पण तुमच्या मागचा पंखा फिरत होता. तुमचे ओठ हलत होते आणि शब्द येत नव्हते. ज्या वाक्याने तुम्ही अख्ख्या महाराष्ट्राला पाझर फोडलात ते वाक्य गेलं. आणि तुमचे डोळे माझ्याकडे. खरं म्हणजे कॅमेऱ्याकडे, पण मला माझ्याकडे वाटले.

विंगेत कोणी नव्हतं. मी होते. मग तुमचं वाक्य मीच म्हटलं. "तुम्ही काही मागायला आला नाहीत. माझी छत्री द्यायला आलात. बाहेर पाऊस आहे, आणि छत्री मला दिली की तुम्ही भिजणार. आता काय करायचं ते मी ठरवायचं. असंच ना?" तुम्ही मान हलवलीत. बघणाऱ्यांना वाटलं असंच लिहिलंय. सुदर्शन नंतर म्हणाला, वहिनी, नवीन जागा झकास घेतलीत.

तुमचं वाक्य माझ्या तोंडून मला पहिल्यांदा ऐकू आलं. तुम्ही म्हणता तेव्हा ते गाण्यासारखं कानावरून जातं. मी म्हटल्यावर त्याचे शब्द दिसले. त्यात छत्री आहे, पाऊस आहे, तुम्ही भिजणार आहात. मी कुठेच नाही. मी दार उघडायला.

विशाखा कॅमेऱ्यामागे उभी होती, मूळ पुस्तक छातीशी धरून. मी तो पुस्तकातला प्रश्न विचारते की काय म्हणून तिचा चेहरा पांढरा पडला होता. मी विचारला नाही. मी यशची काळी छत्री चौकटीच्या कडेवरून ओढून घेतली, थांबले, आणि म्हटलं, "आत या. चहा टाकते." लोक सोलापूरहून, दुबईहून, कुठून कुठून बघत होते. कितीतरी घरांत म्हातारी माणसं एकटी बसलेली होती. त्यांना तो चहा लागत होता. तो मी त्यांना दिला. माझं काम आहे ते.

सोफ्याखालून आर्या मराठीत ओरडली, "पडदा!" तिला कुणी शिकवलं विचारा. यशने. त्याचे डोळे लाल होते. संध्याकाळी तो मला म्हणाला, "आई, एकाच फोनचं मी उगाच बोललो."

प्रयोग झाला. आता तुम्हाला मी लिहून विचारते. लोक नाहीत, हशा नाही, श्वास घ्यायची जागा नाही.

तुम्हाला मी हवी आहे, की घर हवं आहे?

उत्तर लिहून द्यायचं. चमकदार द्यायचं नाही. दोन्हीत फरक काय असं लिहिलंत तर पुढचं पत्र यायचं नाही. मी थांबते.

शामला


आर्नहेम
९ ऑगस्ट २०२०

रविकांत यांस,

तुमचं उत्तर यायला वेळ लागला. इथे उकाडा एवढा आहे की आर्याला टबात बसवून मी पायरीवर बसते आणि फोन मांडीवर ठेवते. विशाखा जाता येता माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. मलाही वाटायला लागलं होतं की तुम्ही उत्तर देत नाही. त्या पुस्तकातला माणूस देतच नाही.

मग आलं. परवा. मी ते इथे पुन्हा लिहून काढते, म्हणजे मला नीट वाचता आलं की नाही ते तुम्हाला कळेल.

"शामला, घर. संध्याकाळ झाली की घरात दुसरं माणूस हवं असं वाटतं. ताट वाढून घेतलं की भूक मरते, तसंच झाकून ठेवतो. तू असतीस तर जेवलो असतो. तू हवीस का हे मी रोज स्वतःला विचारलं. मला खरंच सांगता येत नाही. तू हवीस असं लिहिलं असतं तर ते नाटकातलं झालं असतं. माफ कर."

मी ते पायरीवर बसून वाचलं. मग आत जाऊन चेहरा धुतला. मग पुन्हा वाचलं. आर्या टबातून डचमध्ये काहीतरी विचारत होती. विशाखाने सांगितलं, आजी का रडते विचारतेय. मी म्हटलं, सांग तिला, कांदा. ती म्हणाली, आई, कांदा कुठाय.

खोटं लिहिलं असतंत तरी मला कळलं नसतं हो. तुमच्या हातात ते होतं. एक वाक्य टाकायचं होतं आणि मी मिरजेच्या गाडीत बसले असते. तुम्ही ते टाकलं नाहीत. एवढ्या वर्षांच्या संसारात तुम्ही मला दिलेली ही एवढी एकच खरी वस्तू, आणि ती मी परत करणार नाही.

म्हणून माझंही उत्तर सरळ देते. मी मिरजेला येत नाही. मला सांगलीची खोली आहे, जेवणाच्या डब्यांचं काम आहे, विठ्ठल चौकातली माझी गिऱ्हाइकं वाट बघतायत. तुमच्या घराला माणूस पाहिजे, ते मी होणार नाही. यशला सांगितलंय. तो म्हणाला, "मी दोन फोन करीन."

व्हिसा वाढवून दिला होता तो संपत आलाय. पुढच्या आठवड्यात सरकारी विमान आहे. तिकडे उतरले की चौदा दिवस कोंडून ठेवणार म्हणे. ठेवू देत. खोलीवर पोचले की कळवीन.

आता नीट वाचा, कारण हे मी एकदाच लिहिणार आहे.

रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं. बस चालू नसेल तर कुणाच्या तरी गाडीवर बसून यायचं. भाकरी, एक कालवण, भात. बसून पुरं जेवायचं, झाकून ठेवायचं नाही. जेवण झालं की ते तिसऱ्या अंकातलं वाक्य तुम्ही विसरलात ते माझ्याकडून पुन्हा पाठ करायचं. मी भांडी घासता घासता सांगीन, तुम्ही पाटावर बसून म्हणायचं. विसरलात तर विसरलात, परत सांगीन. ते हरवलेलं मला चालणार नाही. लिहिलं तुम्ही असलंत तरी ते माझ्याकडे आहे.

कडी वाजवायची. काही परत करायला आणायचं नाही. हातात वस्तू दिसली तर दार उघडणार नाही.

पाऊसपाण्याचे दिवस आहेत, छत्री आणाल. ती दाराबाहेर खुंटीला अडकवायची. आणि जाताना छत्री न्यायची. विसरायची नाही.

शामला